बनाना कुणाचा

जळगावात आमच्या गल्लीत इंग्रजीचे एक निवृत्त सर राहतात. कुठल्याही शब्दाचं मूळ विचारलं की ते चष्मा सदऱ्याला पुसतात आणि म्हणतात, “पाहून सांगतो.” तुम्ही विसरलात तरी सर घरी येऊन सांगतात.

एका लग्नसराईत मात्र त्यांची घाई झाली. चोपड्याला केळी पिकवणाऱ्यांच्या पंगतीत ते बोलून गेले, की इंग्रज, फ्रेंच, जर्मन सगळे ‘बनाना’ म्हणतात, तो शब्द मूळचा आपलाच. यजमान आबा इतके खूश झाले की येईल त्या पाहुण्याला तेच ऐकवू लागले.

गेल्या महिन्यात सरांनी शब्दकोश पाहिला आणि ते मला घेऊन एसटीने चोपड्याला निघाले. मी म्हटलं, फोन करा. म्हणाले, “सांगितलं समोर बसून होतं ना?”

ओसरीवर त्यांनी सरळ सांगितलं, “आबा, माझं चुकलं. शब्द आफ्रिकेतला. पोर्तुगीजांमुळे युरोपात गेला.”

आबांचा चेहरा उतरला. “मंग आपला नही शे?”

“नाही.”

 आबांनी चहासाठी सुनेला हाक मारली, “सरले च्या दे.”

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, सुटलो. सर चष्मा पुसत म्हणाले, “आता साक्री. तिथल्या लग्नातही बोललो होतो.”