पाच महिन्यांचा विटाळ

"बाई, उठा. सतरंजी बाटली."

हे शब्द अण्णांचे. अण्णा आमच्या देवळाचे मुख्य विश्वस्त. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात हे देवीचे देऊळ आहे, आणि त्याच्या सभामंडपात मी अठरा वर्षे स्त्रियांना स्तोत्रपाठ शिकवीत आले. त्या दुपारी समोर सतरा जणी होत्या. पाठ अर्ध्यावर आला होता. मला खाली ओल जाणवली. परंतु ओघ मोडू नये म्हणून मी म्हणत राहिले. पहिल्या रांगेतल्या सुनंदाची नजर माझ्या पातळावर गेली आणि तिचा आवाज थांबला. मग एकेकीचा थांबला.

मी सदुसष्ट वर्षांची. विधवा. पाळी जाऊन सोळा वर्षे झालेली.

उठले. सतरंजीवर तळहाताएवढा डाग. अण्णांनी गोमूत्र मागवले आणि मी पायऱ्या उतरत असतानाच ते शिंपडवले. चार थेंब माझ्या पाठीवर पडले. "या वयात शोभतं का हे?" ते म्हणाले. सतरा जणींपैकी कोणीही जागची हलली नाही.

मी हात जोडले आणि क्षमा मागितली.

माझे वडील शास्त्री होते. मुलगी म्हणून त्यांनी मला संस्कृत नाकारले नाही, आणि संस्कृतासोबत आलेले नियमही मी कधी नाकारले नाहीत. घरी येऊन मी गॅलरीत वेगळी बसले. तीन दिवस शिवायचे नाही, चौथ्या दिवशी न्हायचे, मग देवघर. चौथ्या दिवशी न्हाले. सायंकाळी पुन्हा डाग दिसला. पुन्हा पहिला दिवस धरला. पुन्हा चौथा. पुन्हा पहिला.

असे पाच महिने.

सून बँकेत नोकरीला आहे. सकाळी डबा भरता भरता ती म्हणे, "आई, डॉक्टरांकडे जाऊ या ना." मी म्हणे, "विटाळाला डॉक्टर कशाला?" मुलाने माझ्यासाठी वेगळी चटई आणून दिली. कंबर दुखत असे. स्रावाला दुर्गंधी येऊ लागली. मी उदबत्ती लावून बसे. दुःख होत होते का, असे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. देवघराचे दार समोर दिसे आणि मी आत जात नसे, एवढेच.

एका सकाळी नागरी आरोग्य केंद्रातली सिस्टर घरोघरच्या नोंदी घेत आली. खुलताबादकडची बाई, चाळिशीची, उन्हाने रापलेली. सुनेशी बोलता बोलता तिने गॅलरीत पाहिले.

"मावशी, अशा बाजूला का बसल्यात?"

"विटाळ आहे."

"आता? या वयात?" तिने पेन खाली ठेवले. "किती दिस झाले?"

"पाच महिने."

ती सरळ गॅलरीत आली आणि माझ्या चटईवर, माझ्याजवळ, बसली. मी अंग चोरले.

"सरकू नका. विटाळ चार दिसांचा असतो मावशी. पाच महिन्यांचा आजार असतो. उठा, माझ्यासंगं चला."

मी उठले नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिले.

"तुमी देवळातल्या बाई नव्हं का? पाठ शिकवणाऱ्या?"

"हो."

"तीन सालापूर्वी मी आले व्हते तुमच्याकडं. तुमी संस्कृतात कायतरी सांगितलं. ते मला कळलं नाय. नाय म्हणालात, तेवढं कळलं."

मला आठवले.

ती देवळाच्या पायरीवर उभी होती. हातात पिशवी, पिशवीत बॅटरी, कापसाचे बोळे आणि एक बाटली. म्हणाली होती, "एक दुपार मंडप द्या. तिशीच्या पुढच्या बायांची तपासणी करायची. मोठी मशिन लागत नाय, फक्त आडोसा लागतो. गर्भाच्या पिशवीच्या तोंडाला हे औषध लावायचं, व्हिनेगरासारखंच हाय, अन् एक मिनिट थांबायचं. खराबी आसंल तर ती जागा पांढरी पडती. लवकर सापडलं तर तिथल्या तिथं इलाज व्हतो. कॅन्सरची वाटच बंद."

एक विश्वस्त हसून म्हणाले, "म्हणजे देवळात लोणचं घालायचं म्हणता?"

सगळे हसले. मीही हसले.

मग अण्णांनी मला विचारले, "बाई, तुम्ही विदुषी. शास्त्र काय म्हणतं?" मला हा प्रश्न आवडला. एवढ्या पुरुषांत मला शास्त्र विचारले जात होते. मी स्मृतीतले एक वचन म्हटले, त्याचा अर्थ हवा तसा वाकवला आणि सांगितले, "देवीसमोर असले विषय नकोत. शिवाय आपल्या घरांतून असले रोग नसतात."

सतरा जणी ऐकत होत्या. त्यांनी माना डोलावल्या. सिस्टरने पिशवीचा बंद ओढला आणि ती गेली. तिला पाणीसुद्धा कोणी विचारले नाही.

आता तीच माझ्या चटईवर बसली होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला काही उत्तर देता आले असते.

मी उठले.

सरकारी रुग्णालयात तुकडा काढून तपासला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. डॉक्टरीण तरुण होती. तिने विचारले, "आजी, यापूर्वी कधी तपासणी केली होती? हा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. सुरुवातीला काही त्रासही होत नाही."

"संधी आली होती," मी म्हणाले.

किरणांचे शेक घेतले. सलाईनमधून औषधे घेतली. तोंडाची चव गेली, केस विरळ झाले. रुग्णालयाच्या बाकावर माझ्या डाव्या हाताला पैठणची एक मजूर बाई बसे आणि उजव्या हाताला गुलमंडीतल्या कापडवाल्याची बायको. एकच रोग, एकच रांग. आपली घरे आणि त्यांची घरे, हा भेद त्या बाकाला ठाऊक नव्हता. मी तो अठरा वर्षे शिकवला होता.

नवरात्र जवळ आले तसा अण्णांचा फोन आला.

"बाई, पाठाला तुम्हीच हव्यात. फक्त पंचगव्य घ्या, लहानशी शुद्धी करू. लोकांचं समाधान होतं."

"मी आजारी होते, अण्णा. अशुद्ध नव्हते."

"अहो, हे सगळं तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"शिकवलं. ते माझं पाप आहे. पंचगव्यानं जाणारं नाही."

पहिल्या माळेला मी देवळात गेले. शुद्धी न करता. मंडपात सतरा जणी बसल्या होत्या. मी देवीला नमस्कार केला आणि उभ्यानेच बोलले. श्लोक म्हटला नाही. रोगाचे नाव सांगितले. तो कोणत्या अवयवाला झाला त्याचेही नाव सांगितले. म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ते शास्त्र नव्हतं, माझा अहंकार होता. तपासून घ्या. एक मिनिट लागतं."

कोणी वर पाहीना.

"देवीसमोर असलं बोलता?" अण्णा ओरडले.

"देवीसमोरच बोलते. तिनं घडवलेलं अंग आहे."

"उतरा खाली."

"उतरते. क्षमा मागणार नाही."

पुढच्या आठवड्यात आरोग्य केंद्रात त्या सतरांतल्या सहा जणी आल्या. पदर पुढे ओढून, घरी भाजीला जाते म्हणून सांगून. पडद्याआड सिस्टर मिनिट मोजत होती. बाहेर मी बसले होते. पाच जणी हसत बाहेर आल्या. एक म्हणाली, "एवढंच होय? मी उगाच उपास धरून आले!" सहावीची जागा पांढरी पडली. तिचे नाव मी लिहिणार नाही. तिची मुलगी अजून दहावीत आहे. केंद्रातल्या डॉक्टरिणीला बोलावले, तिने पाहिले आणि तिथल्या तिथे लहानशा यंत्राने ती जागा भाजून काढली. चहा गार व्हायच्या आत काम झाले. वर्षाने पुन्हा दाखवायचे.

मला आनंद झाला, असे लिहिणे खोटे होईल. मला वाया गेलेली तीन वर्षे दिसली.

माझे पुढे काय, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. मी विचारणे सोडले आहे. रोज पहाटे देवघरात जाते. दिवस मोजत नाही.

अकरा जणी उरल्या. सुनंदा त्यांतली एक. परवा तिच्या दारात गेले, तर तिच्या सासूने आतून कडी लावली. मी अर्धा तास पायरीवर बसले आणि परत आले. उद्या पुन्हा जाणार आहे. दार पुरुषाने उघडले तर त्यालाही तेच सांगेन, त्याच शब्दांत, अवयवाच्या नावासकट. माझ्या एका वाक्यावर त्या घरी बसल्या. त्या अकरा जणी तपासणीच्या टेबलावर जाईपर्यंत मी कोणत्याही मंडपात एक अक्षरही शिकवणार नाही.