अक्काच्या वाकळेतले ढेकूण

नांदेडला मार्च संपत आला की ऊन भिंतीत शिरतं आणि भिंतीतले किडे गारवा शोधत घरात येतात. मुंग्या साखरेच्या डब्याकडं, झुरळं मोरीच्या जाळीतून, वाळवी चौकटीच्या कोपऱ्यातून. होळी झाली की मी कामाला लागतो. मोरीत उकळतं पाणी ओततो, ओट्यामागच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवतो, डाळ-तांदळाच्या डब्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकतो. रविवारी फ्रिज ओढून मागची भिंत पुसतो. बायको म्हणते, “तुम्हाला किड्यांची भीती नाही, लोकांची आहे.”

ती बरोबर बोलते. आम्ही बौद्ध. नोकरीत कायम झाल्यावर मी या कॉलनीत फ्लॅट घेतला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी विरजण मागायला आल्या आणि स्वयंपाकघर नजरेनं तपासून गेल्या. त्यांना बोट ठेवायला जागा मिळू नये, एवढंच मी तेव्हापासून बघत आलो.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात अक्का आली. अक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई-वडील रोजानं शेतावर जायचे, तेव्हा तिनंच मला कडेवर वाढवलं. मला सांभाळायला म्हणून तिची शाळा सुटली. ती हदगावकडच्या खेड्यात एकटी राहते. तिच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू झाला होता, त्याचं ऑपरेशन मी नांदेडला ठरवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठ दिवस धूळ नको, धूर नको, डोळ्याला हात लावायचा नाही. “अक्का, तू माझ्याकडंच राहायचं,” असं मीच फोनवर बजावलं होतं.

ती एक पिशवी आणि काखेत गुंडाळलेली वाकळ घेऊन एसटीतून उतरली. वाकळ म्हणजे गोधडी, आईच्या जुन्या लुगड्यांची, अक्कानंच शिवलेली. तिच्याशिवाय अक्काला झोप लागत नाही.

आमची मुलगी लातूरला होस्टेलवर राहून मेडिकलच्या परीक्षेची तयारी करत होती. परीक्षा देऊन ती आठवड्यापूर्वीच घरी आली होती. तिची गादी आणि पत्र्याची पेटी तिच्या खोलीत तशीच पडली होती. तिच्याच खोलीत आम्ही अक्काची सोय केली. रात्री डोळ्यात औषध घालायला बायकोही तिथंच झोपायची.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोच्या दंडावर लाल गांधी उठलेल्या दिसल्या, एका रेषेत तीन. मुलीच्या मानेवरही होत्या. मी चादर झटकली तर भिंतीला मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी चालताना दिसलं. चपलेनं दाबलं. रक्त आलं आणि तो वास आला. लहानपणी आमच्या बाजेला यायचा तोच. ढेकूण.

मी सरळ अक्काच्या वाकळेकडं बघितलं. गादीकडं नाही, पेटीकडं नाही.

अक्का काळा चष्मा लावून खुर्चीत बसली होती. मी म्हणालो, “अक्का, तुझ्या वाकळेत ढेकूण आहेत.”

“न्हाई रे भाऊ. निघायच्या आधी दोन दिस उन्हात टाकली व्हती. लिंबाचा पाला बी घातला व्हता.”

“मग हे कुठून आले?”

“बघ की उलटून. शिवण बघ, शिवणीत बसतेत ते.”

मी बघितलं नाही. वाकळ दोन बोटांनी उचलली, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली आणि जिना उतरलो. खाली घंटागाडी उभी होती. खालच्या मजल्यावरच्या बाई आपला डबा घेऊन तिथंच होत्या. पिशवीतून बाहेर आलेल्या टोकाकडं बघून म्हणाल्या, “काय हो, चांगलं अंथरूण दिसतंय?”

गप्प राहता आलं असतं. पण मी मोठ्यानं, वरपर्यंत ऐकू जाईल असं बोललो. “गावाकडून बहीण आलीय. तिच्या अंथरुणात ढेकूण निघाले. आमच्याकडं असलं काही नसतं.”

वळून वर बघितलं तर अक्का गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होती.

मी वर आलो तेव्हा ती खुर्चीत परत बसली होती.  खोलीत औषध मारायचं होतं, म्हणून तिची चटई गॅलरीत टाकली. मे महिन्यातली गॅलरी. दुपारी फरशीवर पाय ठेवता येत नव्हता. औषधाचा वास दाराच्या फटीतून तिकडं जात होता आणि तिच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. ती पदरानं टिपत होती. मी म्हणालो, “पदर लावू नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय ना?” एवढंच म्हणालो. बायकोनं तिला हाताला धरून आत आणलं आणि पंख्याखाली बसवलं. माझ्याशी मात्र बायको दोन दिवस कामापुरतंच बोलली.

दुसऱ्या सकाळी अक्का पिशवी भरून तयार होती. “मी जाते. डोळ्यातलं औषध गावात शेजारीण घालून देईल.”

बायको म्हणाली, “अक्का, अजून पाच दिवस राहायचंय तुम्हाला.”

“न्हाई बाई. तुमची गैरसोय होऊन राहिली.”

मी तिला थांब म्हणालो नाही. एसटीत खिडकीजवळ बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हे आजही कुणाला सांगताना जीभ अडखळते.

पण गांधी थांबल्या नाहीत. दहा दिवसांनी शेवटी फवारणीवाल्या माणसाला बोलावलं. तो पन्नाशीचा, शांत गृहस्थ होता. त्यानं वास घेतल्यासारखं खोलीत एकदा बघितलं आणि मुलीच्या गादीची शिवण टाचणीनं उसवली. आत काळे ठिपके, पांढरी अंडी आणि एकमेकांवर बसलेले ढेकूण. पेटीच्या कडीखाली पण तेच. “हे महिनाभरापासून हायेत साहेब,” तो म्हणाला. “बाहेरगावाहून आली का ही गादी?”

मुलगी दारात उभी होती. ती रडायला लागली. “बाबा, होस्टेलवर सगळ्या मुलींकडं होते. मी आत्यांच्या वेळीच सांगणार होते. तुम्ही इतके चिडला होतात की मला भीती वाटली.”

आणि मी काय केलं? फवारणीवाला बघत असतानाच आधी खिडकी लावली. मग दार. मग हळू आवाजात म्हणालो, “असू दे, रडू नको. कुणाला कळायला नको.” गादी गुंडाळून पलंगाखाली सारायला वाकलो आणि तसाच खाली बसलो. बहिणीचं अंथरूण मी सगळ्या कॉलनीला दाखवून फेकलं होतं आणि मुलीची गादी लपवत होतो. खालच्या बाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघतात असं मला वाटायचं, तीच नजर मी अक्काकडं वळवली होती.

रविवारी हदगावच्या गाडीत बसलो. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो, पण तिच्या दारात गेल्यावर सगळं विसरलो. ती अंगणात बाजेवर बसून सुपात शेंगा निवडत होती. डोळा लाल नव्हता, आता नीट दिसतंय म्हणाली, सुईत दोरा ओवता येतोय. मी म्हणालो, “अक्का, ढेकूण पोरीच्या गादीत होते. होस्टेलवरून आलेले.”

ती निवडतच राहिली. “मला ठावं व्हतं. मव्हा हात फिरला व्हता त्या गादीवरून. कडंला खरखर लागली.”

“मग बोलली का नाहीस?”

“पोरीवर ओरडला असतास.”

 मग तिनं विचारलं, “वाकळ जाळलीस का रे?”

हो म्हणावं असं क्षणभर वाटलं. “नाही. घंटागाडीत टाकली.”

तिचे हात थांबले. “जाळली असतीस तर बरं व्हतं. आईचं लुगडं व्हतं त्याच्यात. कचऱ्यात गेलं.” मग तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली. मी माफी मागितली ती तिच्या पाठीला. तिनं ऐकली असावी. 

घरी आल्यावर मी पलंगाचे भाग सुटे करून खाली अंगणात नेले, सगळ्यांच्या देखत उकळतं पाणी ओतलं आणि विचारलं त्याला सांगितलं, आमच्याच घरातले आहेत. त्यानं काही भरून निघालं असं नाही. अक्कानं ते बघितलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिमायतनगरला शिबिर होतं, शेजारणीबरोबर जाऊन आली. मला चार दिवसांनी फोनवर कळलं.

“अक्का, मला सांगायचं तरी. इथं यायचं होतंस.”

“थंडीचे दिस, कुठं तुझी धावपळ,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिनं मुलीची चौकशी केली, बायकोची केली, जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.