पेठेतलं पाडलेलं पहिलं घर

लग्न होऊन महाडच्या पेठेत आले तेव्हा समोरच्या घरातली फोडणी आमच्या ओट्यावर शिंकायला लावायची, इतका रस्ता अरुंद होता. समोरच्यांचं स्वयंपाकघर अगदी रस्त्याला लागून. सासूबाई इकडे तांदूळ निवडत बसल्या की तिकडे काय शिजतंय ते बिनचूक सांगायच्या. बाजाराच्या दिवशी वरंधकडून आणि पोलादपूरकडून बैलगाड्या यायच्या. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला पार कोपऱ्यापर्यंत मागे सारावं लागे, आणि मागे कुणी सारायचं यावरून गाडीवानांची जी भांडणं होत ती आम्हाला फुकटची करमणूक होती.

समोरचं घर नगरपालिकेच्या अध्यक्षांचं. गाव त्यांना प्रेसिडेंट म्हणायचं. उंच, कमी बोलणारे, तांदळाचे व्यापारी. आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निवडणुकीत त्यांच्यासाठी घोंगड्यांचं दुकान बंद ठेवून घरोघर मतं मागितली होती. प्रेसिडेंटांच्या बायकोला आम्ही सगळ्या वहिनी म्हणत असू. त्यांचं माहेर पोलादपूरचं, माझं त्याच्याही वरच्या एका वाडीवरचं. "डोंगरातली पोर हाय, माझ्या माहेरची," असं त्या पहिल्याच दिवशी सासूबाईंना सांगून गेल्या, आणि त्यानंतर माझं निम्मं माहेरपण त्यांच्या चुलीपाशी झालं.

रस्ता रुंद व्हायला हवा, यावर पेठेत दुमत नव्हतं. आपला ओटा जायला नको, यावरही नव्हतं. वर्षानुवर्षं हे दोन्ही एकदमच बोललं जाई आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

मग एका बाजाराच्या दिवशी मालाची लॉरी पेठेत अडकली. तिच्या मागे गाड्या, हातगाड्या, भाताची पोती. त्या गर्दीत एक बैलगाडी होती आणि तिच्यात अडलेली बाई. सरकारी दवाखाना पेठेच्या पलीकडे. ना पुढे जाता येई, ना मागे. शेवटी आमच्याच घरातली खाट बाहेर काढली. प्रेसिडेंटांनी एक बाजू धरली, आणि माणसांच्या खांद्यावरून ती बाई गेली. वहिनी तिचा हात धरून खाटेबरोबर पळत होत्या. बाई वाचली. मूल गेलं. संध्याकाळी वहिनी परत आल्या त्या आमच्या ओट्यावरच बसल्या, आणि त्यांच्या दंडावर त्या बाईची नखं उमटलेली मला दिसली.

त्यानंतर नगरपालिकेत ठराव झाला. नगरपालिकेचा ओव्हरसियर मोजणीची साखळी घेऊन आला, दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ मारत गेला. आमच्याकडे रेघेने ओटा आणि पडवी खाल्ली. सासूबाई दारात उभ्या राहून ती रेघ नुसती बघत राहिल्या. समोर रस्त्याला जरासं वळण होतं, ते सरळ करायचं म्हणून प्रेसिडेंटांच्या घराचा निम्म्याहून जास्त भाग रेघेच्या आत आला. ओटा, स्वयंपाकघर, माजघर, सगळं.

गावाने ते हसण्यावारी नेलं. चहाच्या दुकानात, न्हाव्याकडे, जिथे तिथे एकच बोलणं. "अध्यक्षाच्या दाराशी आली की रेघेला पाय फुटतील बघा." मामंजीही जेवताना म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण स्वतःचं घर कोण पाडतं? काहीतरी वाट काढतील. मग आपलीही निघेल."

एका सकाळी मी ओट्यासमोर सडा घालत होते. समोरून मजुरांची टोळी आली. खांद्यावर टिकाव, पहारी. त्यांच्यापुढे प्रेसिडेंट, धोतराचा काचा मारलेला. मला वाटलं, सुरुवात आमच्यापासून. मी "आई, आई" म्हणून ओरडले. सासूबाई धावत आल्या. पण ती माणसं आमच्याकडे वळलीच नाहीत. प्रेसिडेंटांनी स्वतःच्या भिंतीला शिडी लावली, वर चढले आणि स्वयंपाकघरावरची कौलं उचकटून खाली टाकायला लागले.

आत वहिनी भाकऱ्या करत होत्या.

पहिली कौलं फुटली तसा आतून त्यांचा आवाज आला, "कोण रे वर? माकडं आली का?" मग त्या बाहेर आल्या. हातात उलथनं, कोपरापर्यंत पीठ. वर बघितलं तर नवरा.

"अहो, हे काय?"

"आधी आपलं पाडल्याशिवाय लोकांचं पाडता येणार नाही," ते वरूनच म्हणाले. त्यांनी खाली बघितलं नाही. "तू समोर जाऊन बस."

बोलता बोलता पेठ गोळा झाली. मामंजी सदऱ्याची बटणं न लावताच बाहेर आले होते आणि तसेच उभे होते. मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि त्या सगळीकडे पसरल्या. मला त्या टाळ्यांचा राग आला, का ते तेव्हा कळलं नाही. मी रस्ता ओलांडून वहिनींचा हात धरला आणि त्यांना आमच्या ओट्यावर आणून बसवलं. तव्यावरची भाकरी आतमध्ये करपत होती, तिचा वास येत होता, आणि वर तो माणूस वासे मोकळे करत होता. एक मजूर लोणच्याच्या बरण्या एकेक करून रस्त्यावर आणून ठेवू लागला. लोक त्या बरण्यांना वळसा घालून उभे राहत होते.

भिंत पडल्यावर वहिनी म्हणाल्या, "काल जेवताना मीठ मागितलं. तेवढंच बोलले."

सासूबाईंनी पाणी पुढे केलं. ते त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या बाईला मीच धरलं होतं ना गो? मला विचारलं असतं तर मी नाय म्हटलं असतं काय?"

दुपारच्या एसटीने त्या पोलादपूरला भावाकडे निघून गेल्या. ट्रंकही नेली नाही.

सकाळी घर पाडल्याने बसलेला धक्का ओसरायच्या आत गावाला हा दुसरा बसला. आता पेठेत दोन तट पडले, आणि ते घराघरांतून पडले. पुरुष म्हणायचे, असा अध्यक्ष महाडला पुन्हा मिळायचा नाही, देवमाणूस. आमच्या घरात सासूबाई भांडी आपटत म्हणाल्या, "देवमाणूस बाहेर. घरात सांगायला जीभ झडली होती काय?" मामंजींना आता आपल्या पडवीसाठी भांडायला तोंड उरलं नव्हतं. कुणालाच उरलं नव्हतं. प्रेसिडेंटांचंच घर पडल्यावर कोण काय बोलणार? ओटे पडत गेले. कधी सकाळी, कधी भर दुपारी, टोळी येईल तेव्हा. आमच्या शेजारच्या घरी तर बाळंतिणीची शेगडी धगधगत असताना पडवीचं छप्पर उतरवलं.

पुढे मी माहेरी जाताना पोलादपूरला उतरले आणि वहिनींना भेटायला गेले. भावाच्या परसात त्या कुळीथ पाखडत होत्या. सूप खाली न ठेवताच विचारलं, "आमचं किती राहिलं?"

"मागची खोली आणि परस."

"मग ते जेवतात कुठे?"

"खाणावळीतून डबा येतो."

सूप थांबलं. "पोट नाजूक हाय त्यांचं," त्या म्हणाल्या, आणि लगेच स्वतःवरच चिडल्यासारख्या जोरजोरात पाखडू लागल्या. मी बाळंतिणीच्या घरचं सांगितलं. त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं.

पेठेचा अर्धा भाग, आमच्या घरासकट, पाडायचा राहिला होता. त्या लोकांच्या तक्रारी ऐकायला प्रेसिडेंटांनी शाळेच्या पटांगणात सभा बोलावली. अशा सभांना बायका जात नसत. त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "चल, कुंपणापाशी उभं राहू." प्रेसिडेंट बोलत होते, दवाखाना, लॉरी, पुराच्या वेळी होड्या आत आणायला लागणारी जागा. आणि रस्त्याकडून वहिनी येताना दिसल्या. एसटीतून उतरून थेट. डोक्यावर पदर, अंगावर प्रवासाची धूळ. त्या पुरुषांच्या मधून चालत टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. प्रेसिडेंटांचं वाक्य मध्येच तुटलं.

"रस्त्याला माझं काय म्हणणं नाय," त्या म्हणाल्या. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "रस्ता पायजेच. पण चूल पेटलेली असताना वरनं कौलं काढायची नायत. घरातल्या बाईला आधी सांगा. तिला चूल हलवू दे. मग पाडा काय ते."

सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. नवऱ्याला भर सभेत बोललेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. कुणी हसलं नाही. प्रेसिडेंट हळूच खुर्चीवर बसले. मग कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. त्या म्हणतात तसं."

आमची पडवी त्यानंतर गेली. ओव्हरसियर दारात आला आणि त्याने मामंजींना नाही, सासूबाईंना हाक मारली. "आई, कधी सोयीचं पडेल?" सासूबाई इतक्या गांगरल्या की त्यांनी त्याला आधी चहा पाजला, आणि मग पडवीत पसरलेले पापड वाळल्यावर यायला सांगितलं. तो खरंच परत गेला.

रस्ता झाला. लॉऱ्या येऊ लागल्या, दवाखान्याकडे गाडी न थांबता जाऊ लागली. वहिनी परत आल्या आणि मागच्या खोलीत त्यांनी नवी चूल मांडली. दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

पुढच्या निवडणुकीत प्रेसिडेंट आमच्याच वॉर्डातून पडले. निकाल कळला तेव्हा मी वहिनींच्या खोलीत भाजी चिरत होते. ज्याने आधी स्वतःचं घर पाडलं त्याला त्याच पेठेने पाडावं, हे माझ्या मनाला पटेना. मी रडायलाच लागले.

"रडू नको गो," वहिनी म्हणाल्या. "मी पण त्यांना मत दिलं नाय."

मी सुरी खाली ठेवली. "त्यांना माहीत आहे?"

"सकाळीच सांगितलं. मत द्यायला जायच्या आधी." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "न सांगता करायला मी काय प्रेसिडेंट हाय?"

"मग ते काय म्हणाले?"

"काय नाय. चहा अर्धा ठेवून उठले. मत देऊन परत आल्यावर म्हणाले, 'तुझं बरोबर हाय.' आता बघ, डाळ तेवढी उतरव."

घरी येऊन मी हे सासूबाईंना सांगितलं. मामंजी जेवत होते, त्यांनीही ऐकलं. त्यांचा घास हातातच राहिला. या निवडणुकीत त्यांनी दुकान बंद ठेवलं नव्हतं, घरोघर फिरले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही कुणाला दिलंत?"

ते उठले, हात धुतले आणि दुकानात निघून गेले. पुढे किती वेळा विचारलं, पण त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.