आवाज येऊन नाही राहिला

धुरपता रामटेके आशाताई म्हणून कामाला लागली तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, आणि त्यावाचून तिचं कधी अडलंही नव्हतं. आसगावात कुणाचं बाळंतपण जवळ आलं, कुणाच्या लेकराचा डोस राहिला, कोण तापाने पडलं, हे ती दारोदार हिंडून विचारायची. दारापर्यंत जायचीही गरज नसे. रस्त्यावरून हाक मारली की परसातली बाई हातातलं काम टाकून पुढे यायची. माहेरी धानाच्या बांधीवर पाखरं हाकलत वाढलेली बाई ती, आवाज तसाच खणखणीत. सासू कौतुकानं म्हणायची, "आमच्या सुनेले भोंगा नाई लागत."

त्याला चौदा वर्षं झाली होती. सासू गेली, धुरपताने पन्नाशी ओलांडली, गुडघे दुखू लागले, आणि काम हळूहळू पायांवरून फोनवर आलं. सकाळी उपकेंद्रातल्या सिस्टरचा फोन, मग ग्रुपवरचे निरोप, दुपारी गरोदर बायांना फोन, संध्याकाळी याद्या. मुलगा विनोद पुण्याला कंपनीत होता. त्याने स्वतःचा जुना स्मार्टफोन आईला दिला होता, वर जाड रबरी कव्हर घालून. तो फोन घेऊन धुरपता बांधीत जायची, चुलीपुढे बसायची, पीठ मळतानाही तो खांदा आणि कान यांच्यात धरलेला असायचा.

बिघाड सुरू झाला तो धान चुरायच्या, मळणीच्या दिवसांत. त्या आठवड्यात घरी, दारी, अंगावर, ताटात सगळीकडे धानाची बारीक धूळ होती. सिस्टरचा फोन आला आणि धुरपता बोलायला लागली तर सिस्टर म्हणाल्या, "ताई, आवाज येत नाही. मोठ्याने बोला." धुरपता मोठ्याने बोलली. दुसऱ्या दिवशी एका बाईने सांगितलं, "मावशी, तुमी विहिरीतून बोलून राहिल्या का?" नेटवर्क नसेल म्हणून धुरपता ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जाऊन उभी राहू लागली. तिथे दांड्या पूर्ण भरलेल्या दिसायच्या. पलीकडचा शब्द न् शब्द तिला ऐकू यायचा, तिचाच पलीकडे जायचा नाही. तिने फोन बंद करून चालू केला, सिम काढून पुसून परत घातलं. काही फरक पडला नाही. मग उरला एकच उपाय, जो तिला लहानपणापासून येत होता. ती ओरडून बोलू लागली.

महिनाभर ती अशी ओरडली. दिवसाला पंधरा फोन, वीस फोन. रात्री जेवताना घास गिळताना घशात काटा टोचल्यासारखं व्हायचं. ती मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची आणि सकाळी पुन्हा ओट्यावर जाऊन उभी राहायची.

पण ओरडून सांगण्यासारख्या नव्हत्याच मुळी तिच्या गोष्टी. तृप्ती म्हणून एक बावीस वर्षांची सून होती, पहिलटकरीण, आठवा महिना. तिच्या तपासणीचा कागद आला आणि धुरपताने ओट्यावरून फोनवर सांगितलं, "तृप्ती, तुह्यं रक्त सातवर आलं! सातवर! गोळ्या कायले नाई खात?" ओट्याखाली पत्ते खेळत बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. संध्याकाळी तृप्तीची सासू सत्यभामाबाई धुरपताच्या अंगणात आली. बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली.

"आमची सून कमजोर हाय म्हनून तुमी गावात दवंडी देता काय?"

"नाई व बाई, फोनात आवाज जात नाई म्हनून..."

"मंग घरी यायचं. पाय नाई का तुमाले?"

त्यानंतर त्या घरातून धुरपताचा फोन कुणी उचलेना. आणखी दोन-तीन घरांनी तेच केलं. धुरपताला राग आला नाही. रागावण्याइतकी ताकदच उरली नव्हती. ती अंगणात पडलेल्या खाटेवर बसून राहिली, तेव्हा तिचा नवरा भैय्यालाल म्हणाला, "दे इकडे, मी पाहतो."

भैय्यालाल मुळात अबोल माणूस. त्याची दोन एकर बांधी, आणि ती आटोपली की दुसऱ्याच्या बांधीवर काम. फोनला तो कधी हात लावायचा नाही. पण त्याने तो फोन उन्हात धरून उलटासुलटा पाहिला. खालच्या कडेला चार्जरच्या भोकाशेजारी बारीक छिद्र होतं. "हे पाय, यात धूळ बसली. इथूनच आवाज जात असन." त्याने गोधडीची सुई आणली आणि त्या छिद्रात घालून नीट, मन लावून फिरवली. टोकावर थोडी धूळ निघाली. "झालं मोकळं," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका समाधानी होता की धुरपताने त्याच्यापुढे फोन लावून पाहिलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून जो थोडाफार आवाज जात होता, तोही गेला.

तो मंगळवार होता. दुपारी दोनच्या सुमारास सत्यभामाबाई पदर सांभाळत धावत आली. या वेळी तिच्या तोंडात दवंडीबिवंडी काही नव्हतं.

"धुरपताबाई, चाला! तृप्तीले कळा लागल्या. पानी गेलं. पोरगा धान घेऊन पवनीले गेला, घरचा फोन त्याच्याजवळ."

तृप्ती माजघरात खाली बसून भिंतीला टेकली होती. ओठ पांढरे पडले होते. रक्त सातवर असलेली बाई घरी बाळंत होऊ द्यायची नाही, एवढं धुरपताला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला.

"हॅलो, बोला."

"आसगावातून बोलून राहिली, आसगाव, पवनी तालुका!"

"हॅलो? हॅलो? आवाज येत नाही. हॅलो?"

ती ओरडली. तिचा आवाज मधूनच चिरला, शिट्टीसारखा झाला आणि बंदच पडला. पलीकडून फोन ठेवला गेला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तिने नंबर लावला आणि त्याच क्षणी तृप्तीने मोठी कळ आली म्हणून तिचा हात गच्च धरला. दोन्ही हातांनी पोरीला सावरायला हवं होतं. धुरपताने अंगठ्याने कसंबसं स्पीकरचं बटण दाबलं आणि फोन जमिनीवर टाकला.

"हॅलो, बोला."

"आसगाव," ती म्हणाली. ओरडायची सोय राहिली नव्हती, घशातून निघाला तो खरखरता आवाज. "पोरगी अडली. रक्त कमी हाय."

"हां ताई, आता येतंय ऐकू. आसगाव म्हणजे पवनी तालुका ना? घर कुठे?"

गाडी आली. पवनीच्या दवाखान्यात संध्याकाळी तृप्तीला मुलगी झाली, दोन किलो दोनशे ग्रॅम. तृप्तीला रक्ताची बाटली लावली. सत्यभामाबाई नात झाल्याचं सगळ्यांना सांगत सुटली. धुरपता बाहेरच्या बाकावर बसली होती. आपल्याला आनंद व्हायला पाहिजे, हे तिला कळत होतं. पण डोळ्यापुढे नुसता तो जमिनीवर पडलेला फोन येत होता, आणि तिसऱ्यांदा लागला नसता तर काय, हे.

दोन दिवसांनी नवराबायको बसस्टॉपवरच्या अमरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. अमर पस्तिशीचा, पवनीला आयटीआय शिकून आलेला, कमी बोलणारा आणि नीट विचारणारा माणूस होता.

"काकू, समोरच्याचा आवाज तुमाले येते?"

"येते."

"स्पीकरवर टाकला का तुमचा जाते, कानाले लावला का नाई जात. बरोबर?"

धुरपता चपापली. "तुले कसं कळलं गा?"

"याले दोन माईक असतात. एक खाली, एक वर. कानाले लावला का खालचा चालते, स्पीकरवर बहुतेक वरचा. म्हंजे तुमचा खालचा गेला." त्याने रबरी कव्हर काढलं. कव्हरला माईकच्या जागी भोक होतं, पण ते सरकून भलतीकडेच आलं होतं, आणि आत पिठाचा आणि धुळीचा काळपट थर बसला होता. अमरने मऊ ब्रशने तो झाडला, मग भिंग लावून छिद्रात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सुई घातली का यात कोनी?"

भैय्यालाल रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडे पाहू लागला.

"नुसती धूळ असती तर ब्रशनं निघाली असती," अमर म्हणाला. त्याने भिंग खाली ठेवलं. "आत पडदा असते बारीक, तो फुटला. माईकची खालची पट्टी बदलावी लागन. भंडाऱ्याहून मागवतो. तवर हा वायरवाला इअरफोन लावा, याचा माईक वेगळा असते. आन ओरडू नोका."

परतताना अर्ध्या वाटेत भैय्यालाल म्हणाला, "मले वाटलं साफ होईन."

"मालूम हाय मले," धुरपता म्हणाली.

शनिवारी फोन तयार झाला. अमरने रेकॉर्डर चालू करून तो तिच्यापुढे धरला. "बोला काकू, काईबी."

"हॅलो. मी आशाताई धुरपता रामटेके बोलून राहिली."

त्याने ते वाजवून दाखवलं. फोनमधून एक फाटका, घोगरा आवाज आला, अधूनमधून नुसती हवा. एखाद्या फार म्हाताऱ्या बाईचा असावा तसा.

"अजून बिघडलेलाच हाय," धुरपता म्हणाली.

अमरने स्वतः बोलून पाहिलं. लख्ख. भैय्यालालला बोलायला लावलं. तो "आता काय बोलू" एवढंच बोलला, तेही लख्ख ऐकू आलं. मग अमर फोन कापडाने पुसत म्हणाला, "काकू, फोनचं माह्याकडून झालं. आता गळा दाखवा डॉक्टरले."

तिला स्वतःच्या आवाजातला फरक जाणवला नव्हता असं नाही. पण सगळा दोष फोनचा आहे, फोन सुधरला की आपणही सुधरू, असं तिने धरून ठेवलं होतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी नळीने घशात पाहिलं. स्वरतंतूंवर दोन गाठी होत्या. घाबरू नका, त्या म्हणाल्या, वाईटातल्या नाहीत. शिक्षकांना होतात, भाजी विकणाऱ्या बायांना होतात. "पण एकवीस दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं तर अजिबात नाही, त्याने आणखी ताण येतो."

"आन माहं काम?" धुरपताने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "आतापासूनच."

अड्याळमार्गे येणाऱ्या एसटीत धुरपता खिडकीशी बसली होती. बाहेर कापलेल्या बांध्या, धानाचे रचलेले पुंजणे, मधूनच एखादं तळं. एकवीस दिवस कुणाला काही सांगायचं नाही, समजवायचं नाही, विनवायचं नाही. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की बरं झालं. मग त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली. तिला पदराने डोळे पुसताना भैय्यालालने पाहिलं, पण तिला बोलायची मनाई आहे हे आठवून त्याने काहीच विचारलं नाही.

सिस्टरला विनोदने पुण्याहून फोन करून सांगितलं. त्यांनी लसीकरणाच्या दिवशी शेजारच्या आशाला पाठवायचं कबूल केलं. पण रोजचे फोन उरतच होते. पहिल्या दिवशी धुरपताने वहीत नावं लिहिली, प्रत्येक नावापुढे काय सांगायचं ते लिहिलं आणि वही नवऱ्यापुढे सरकवली. भैय्यालालने वही वाचली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"हे मी विचारू? बाईमान्साले?"

धुरपता त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी त्याने फोन घेतला.

"जय भीम. नमस्कार. मी धुरपताचा मालक बोलून राहिलो. भैय्यालाल. हो. ती बोलू शकत नाई. तुमच्या त्या... लोहाच्या गोळ्या संपल्या का?" पलीकडून हसू आलं असावं, कारण तो थांबला, घाम पुसला. "हसा बाई, पन गोळ्या सांगा."

पाचव्या दिवसापर्यंत तो सराईत झाला. दुपारी जेवण झालं की वही घेऊन खाटेवर बसायचा, हळू आवाजात, एकेक नाव घेत. त्याच्या अंगचाच आवाज मऊ होता, आणि बाया त्याला नीट सांगायच्याही. एक दिवस सत्यभामाबाई तिळाचे लाडू घेऊन आली. त्या दिवशी जे बोलली होती त्याबद्दल तिने काहीच काढलं नाही. अंगणातलं धुणं उचललं, घड्या घातल्या आणि म्हणाली, "तुमी गप बसा. मले सांगाले येते, आयकाले पन येते." आणि तासभर नातीच्या रडण्याबद्दल बोलत बसली.

एकवीस दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पाहिलं. एक गाठ जिरली होती, दुसरी तशीच होती. आता हळूहळू बोलायचं, थोडं बोलायचं, आणि पुन्हा ओरडायचं नाही, कधीच नाही. पूर्वीचा आवाज येईल का, असं धुरपताने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पूर्ण नाही सांगता येत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तृप्तीच्या घरी गेली. मुलीला झोळीत टाकून वजन केलं, तीन किलो भरलं होतं. दूध कसं पाजते ते पाहिलं, तृप्तीला गोळ्यांचं विचारलं. चार घरं झाली तसा घसा दुखू लागला आणि ती घरी परतली. भाकर खाल्ली, न खाल्ली, आणि आडवी झाली.

भैय्यालालने हात धुतले. भिंतीवर टांगलेल्या पिशवीतून फोन काढला, वही काढली आणि खाट ओढून अंगणात सावलीला नेली. आता ती बोलू शकत होती, त्याने हे काम सोडलं असतं तरी चाललं असतं. धुरपताला आतून त्याचा आवाज ऐकू येत होता, "जय भीम. नमस्कार. सातवा महिना लागला नं तुमाले?" आपण उठून फोन घ्यावा, असं तिला वाटलं. तिने कूस बदलली आणि डोळे मिटले.