आत्याची पाठ

बारशाला आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितले की बायकांनी तिच्या पाठीत बुक्के मारायचे, ही आमच्याकडची रूढी. नातीच्या बारशाआधी या रूढीविरुद्ध मी माझ्या मुलाला रीतसर पत्र लिहिले. वाजवी असेल तेवढीच रूढी कायदा मानतो, आणि आत्याच्या अंगाला कोणाचाही हात लागू नये, एवढाच त्यातला मजकूर. मुलगा माझ्याच घरात राहत असे. पत्र वाचून तो हसला. "बाबा, रीत आहे. हळूच मारतेत. तिले बी कोर्टात नेता काय?"

आत्या म्हणजे माझी मुलगी. नवऱ्याने तिची बरगडी मोडली तेव्हा ती शहराच्या कडेला बेसा भागात असलेल्या आमच्या फ्लॅटवर कायमची परत आली. तिच्या मागून कोणी चालले तर ती अजूनही भिंतीला पाठ लावते. इस्पितळात मात्र तिने 'बाथरूममध्ये पडले' असेच सांगितले होते, म्हणून तो माणूस मोकळा फिरतो. घर सोडलेल्या बाईला ओटी भरायला कोणी बोलावत नाही. "मले बसू द्या, बाबा," ती म्हणाली. "तिची आत्या मी एकटीच आहे."

मुलाने आणि सुनेने निवडलेले नाव मी इथे लिहीत नाही. सध्या ते इतके चालते की गॅलरीतून हाक मारली तर आमच्या इमारतीतल्या निम्म्या मुली वर बघतात. आम्ही त्यातले प्रत्येक अक्षर उच्चारतो. सुनेच्या माहेरचे हिंदीच्या वळणाने मधले अक्षर गिळतात, आणि तेच शुद्ध असे त्यांचे म्हणणे.

सोसायटीच्या हॉलमध्ये माझी मुलगी पाळण्यावर वाकली आणि तिने नाव आमच्या पद्धतीने घेतले. बायकांनी पाठीला नुसती बोटे लावली. ती हसलीसुद्धा. एवढ्यात सुनेचा भाऊ पुढे झाला. वाडी उपनगरात याचा ट्रकचा धंदा, अंगाने दांडगा. या विधीत पुरुषाचे काही काम नसते.

"गलत, दीदी! फिर से बोलो!" आणि पाठीत एक धपाटा.

तिने पुन्हा नाव घेतले.

"अरे, मॉडर्न नाम है! गाववाली मत बनाओ!" पुन्हा एक. हॉल हसला. माझा मुलगाही हसला.

तिसऱ्या वेळी त्याने मूठ वळून मारले, त्याच बरगडीवर. तिचे कपाळ पाळण्याच्या दांडीवर आपटले, रक्त आले, आणि तिने दोन्ही हातांनी डोके झाकून घेतले. "चुकलं माझं, चुकलं, नाही करणार," ती म्हणू लागली. ही वाक्ये तिने माझ्या घरात कधी म्हटली नव्हती.

मी लोखंडी घडीची खुर्ची उचलली आणि त्याच्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसऱ्यांदा खांद्यावर घातली. त्याच्या मित्रांनी माझा गळा धरून मला खाली पाडले, तोंडावर लाथ मारली, आणि दोन दात फरशीवर पडले. "सत्यानाश केला तुम्ही!" मुलगा ओरडला. माझ्यावर.

ठाण्यात मी स्वतःच सांगितले की मारले, आणि दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा हक्क कायद्याने मला दिला आहे.

हवालदार कंटाळला होता. "काका, घरचा मामला आहे. काहून वाढवून राहिले?"

मुलाने तोवर तडजोड ठरवली होती. ताईने रीतीप्रमाणे थट्टा झाली एवढे म्हणावे, मग सुनेच्या माहेरचेही खुर्चीचे विसरतील. तो तिच्याजवळ वाकला. "ताई, म्हण वं एवढं. माझा संसार आहे."

कपाळाच्या पट्टीतून रक्त झिरपत होते.

"त्यानं मारलं मले," ती हवालदाराला म्हणाली. "मुठीनं. दुखलं. लिहा."

हवालदाराने लिहिले. तिने सही केली. मुलगा उठून गेला आणि त्याच संध्याकाळी बायको-बाळासह सासुरवाडीला राहायला गेला. माझ्या पत्रांना तो उत्तर देत नाही. वकिलाचा सल्ला घेतला. भाचीला भेटण्याचा हक्क आत्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. ते मुलीला सांगताना माझा आवाज चढला होता.

"माहीत होतं मले, बाबा," ती म्हणाली. "सही करतानाच."