शेळी जगली, सिनेमा ठरला!

मंडळी, आजची गोष्ट आजच लिहितेच.

आज माझी पटकथा एका स्टुडिओला ऐकवली. त्यांची माणसं लोकेशन बघायला बीडला आलती, म्हणून मी आणि आमचे हे सकाळीच गेवराईहून निघालो.

गोष्ट निजामाच्या काळातली. तालुकदाराच्या, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरच्या, दावतीसाठी शिपाई एका गरीब घरची शेळी ओढून नेतात आणि त्या घरची पोरगी तिला सोडवायला निघते. सगळ्या घरानं मिळून बघावा असा सिनेमा.

स्टुडिओचे साहेब हसत ऐकत होते. शेवटाला आलो तसे म्हणाले, "इथं शेळी मरायला हवी. लोक रडले पाहिजेत."

ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. म्हणजे, हो म्हणून मोकळी हो.

पण माझ्या तोंडून निघूनच गेलं, "न्हाई साहेब. हा सिनेमा मी माझ्या पोरीला मांडीवर घेऊन बघणार हाय. शेळी मेली तर ती जेवायची न्हाई."

साहेबांनी वही मिटली. मला वाटलं, गेलं सगळं हातचं.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या, त्यांच्याहून वरच्या पदावरच्या मॅडम म्हणाल्या, "माझा मुलगाही जेवणार नाही. शेळी जगू द्या. आपण करतोय हा सिनेमा."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "लई भारी बोललीस, पण माझा जीव गेलता बघ!" दोघं रस्त्यातच खो-खो हसलो.

घरी पोरीला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मग शेळी घरी आली का?"

आली गं बाई.

तुमी घरच्या सगळ्यांसोबत, मधेच चॅनेल बदलायला रिमोट न शोधता, शेवटचा सिनेमा कोणता बघितला?