तळ्यात पडलेली अंगठी

मंडळी, राहवलं नाही म्हणून सायबर कॅफेत येऊन लिहिते आहे. आज सकाळी आमच्या तळ्याकाठच्या जुन्या वस्तीतल्या घाटावर हात धुताना आईची अंगठी पाण्यात निसटली. आईची तेवढीच वस्तू माझ्याकडे आहे.

मी पाण्यात उतरणार, तोच धुणं धुणाऱ्या सुभद्राबाई ओरडल्या, "बाई, हलू नका! गाळ उठला की गेली!"

इथली रीतच अशी. कुणाचं काही पडलं, की सगळ्या बायका धुणं थांबवतात आणि पाणी निवळायची वाट पाहतात.

"काहून घाई करून राहिल्या? तळं काय पळून चाललं?" शेजारच्या शमीमभाभी हसल्या.

पाणी निवळलं. पायरीच्या फटीत अंगठी दिसली. सुभद्राबाईंनी ती अलगद काढून माझ्या हातावर ठेवली.

तुमच्या गल्लीत कोण असं थांबतं?

संध्याकाळी माझ्या घराची दुसरी किल्ली सुभद्राबाईंच्या हाती दिली. आजवर ती कुणालाच दिली नव्हती.